तोंडात बोट घालू नका, जबडा उचला

भावा, तुझं वाचलं. फुटबॉल मॅचमध्ये कॉर्नरला तुमचा गोलकीपर बॉल मुठीनं ठोसायला बाहेर आला, समोरच्या स्टॉपरचं, म्हणजे बचावातल्या मधल्या गड्याचं, डोकं त्याच्या कानशिलावर बसलं, अर्धा मिनिट गडी गार. एकानं जीभ ओढायला तोंडात बोटं घातली, दुसऱ्यानं चप्पल हुंगवली, तिसऱ्यानं बाटलीभर पाणी तोंडावर ओतलं, मग तो उठला आणि उरलेली वीस मिनिटं खेळलासुद्धा. आता विचारतोयस की यात चुकलं काय, आणि येत्या रविवारी सेमीला त्याला उतरवू का. सेमीचं आधीच सांगतो, नाही. बाकीचं जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा माझी लायकी सांगतो. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात पंधरा वर्षं स्टॉपर खेळलो, आता पोरांना शिकवतो, फर्स्ट एडचं ट्रेनिंग दोनदा घेतलंय. आणि माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दातांची खूण आहे. आमचाच एक विंगर डोक्यावर आपटला, हात ताठ झाले, सगळे ओरडले "जीभ धर जीभ धर", मी शहाण्यासारखं बोट घातलं आणि त्याचा जबडा मिटला. त्याच्यापेक्षा मीच जास्त ओरडलो. शुद्धीवर आल्यावर तो विचारतोय माझ्या तोंडात रक्त कसलं, आणि ते माझं होतं!

तर जीभ गिळली जाते हे डोक्यातून काढून टाक. ती मागं घट्ट जोडलेली असते, गिळता येतच नाही. होतं काय, माणूस बेशुद्ध झाला की स्नायू सैल सुटतात, उताणा असेल तर जिभेचं मूळ मागं घशावर टेकतं आणि हवेची वाट बुजते. अर्धी बुजली तर घोरल्यासारखा आवाज येतो, पूर्ण बुजली तर आवाजच नाही, नुसती छाती-पोट धडपडतं. म्हणजे पडलेला गडी घोरतोय याचा अर्थ निवांत झोपलाय असा नाही, त्याला हवा कमी पडतीये. बोटानं जीभ ओढायला गेलास तर एक तर बोट जाणार, नाहीतर त्याचा दात तुटून घशात जाणार. तोंडात च्युइंगम, माती, तुटलेला दात समोर दिसतोय तर काढ, न दिसणारं चाचपत बसू नको.

ही बोटांची सवय आपल्या पोरांना व्हिडिओ बघून लागलीये. २ मार्च २०१७ ला डेपोर्तिवो आणि ॲटलेटिको माद्रिदच्या मॅचमध्ये फर्नांडो टोरेस हेडरला उडाला, डोक्याला डोकं लागलं, हवेतच शुद्ध गेली आणि तो तसाच खाली आपटला. टीममेट धावत आले, तोंड उघडायला हात घातला, बाकीचे रडत होते. टोरेस दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून सुटला आणि सगळं श्रेय बोटांना मिळालं. त्या टीममेटला नावं ठेवणार नाही, दोस्त डोळ्यांसमोर तसा पडल्यावर सुचेल ते करतो माणूस, पण ते बघून शिकायचं नसतं.

शिकायचा तो जबडा. पडलेल्याच्या डोक्यामागं गुडघ्यावर बस, दोन्ही कोपरं जमिनीला टेकव, तळवे डोक्याच्या दोन बाजूंना म्हणजे डोकं आपोआप धरलं जातं, आणि बोटं कानाच्या पाळीखाली जबड्याचा जो कोपरा लागतो त्याच्या मागं. मान न हलवता तो कोपरा वर आभाळाकडं उचल, खालचे दात वरच्यांच्या पुढं यायला पाहिजेत, अंगठ्यांनी ओठ जरा उघडे ठेव. मागच्या पावसाळ्यात चिखलात आमचा एक पोरगा असाच पडलेला, घर्र घर्र चाललेलं, जबडा उचलला की बंद, जरा ढिला सोडला की परत चालू, परत उचलला की परत बंद. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तसाच धरून बसलो, पोटऱ्यांना मुंग्या आल्या, पंच बिचारा डोक्यावर छत्री धरून उभा. एकमेकांवर प्रॅक्टिस करून बघा, एकानं उताणं पडून घोरायचं नाटक करायचं. जबडा उचलूनही हवा जात नसेल तर मग कपाळ मागं आणि हनुवटी वर. मानेची भीती खरी आहे, पण श्वासच नसेल तर मान वाचवून काय करणार?

मानेचं बोललोच तर, डोक्यावर एवढा दणका बसून शुद्ध गेली म्हणजे मानेलाही लागलंय असंच धरून चालायचं. म्हणून हलवून उठवायचं नाही, बसवायचं नाही, हातपाय धरून उचलबांगडी करून लाईनबाहेर न्यायचं नाही. मोटरसायकलवर ट्रिपल सीट, मधोमध बसवून दवाखान्यात न्यायचा प्रकार मी डोळ्यानं बघितलाय, मान नुसती डुलत होती. पालथा पडलाय आणि श्वास नीट चाललाय तर तसाच राहू दे, डोकं धरून ठेव. श्वास कळत नसेल तर मात्र लगेच वळवायचा, एकानं डोकं धरायचं, तिघांनी खांदा-कंबर-पाय, आणि डोकं धरणारा म्हणेल "एक दोन तीन" तेव्हाच सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम. उलटी आली तर याच पद्धतीनं कुशीवर. एकटाच असशील आणि फोनला लांब जायचं असेल तरी कुशीवर करूनच जा.

श्वास बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नको. छाती नीट वरखाली होतीये का, बस. पाण्याबाहेरच्या माशासारखे मधूनच आचके देत असेल तर तो श्वास नाही. तिथं सीपीआर म्हणजे छाती दाबणं चालू करायचं, छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि जवळपास एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन असेल तर कुणाला तरी पळव. टक्कर झाली म्हणजे डोक्यालाच लागलं असंही नसतं. गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलला कीपरला धडकून कोसळला आणि गेला, कारण निघालं हृदय बंद पडणं. आणि कुणी हात न लावता गडी आडवा झाला, जसा १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा एरिक्सन, तर डोकं विसर आणि पहिलं हृदयच समज.

झटके आले तर हातपाय दाबून धरायचे नाहीत, डोक्याखाली टीशर्ट सरकव, आजूबाजूची गर्दी हटव आणि थांबू दे, मग श्वास बघ. चप्पल, कांदा, पाणी, ग्लुकोज यातलं काहीच नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गेलेलं पाणी फुप्फुसात जातं. एक जण फक्त १०८ वर, कुठलं मैदान, कुठलं गेट ते नीट सांगायचं, आणि दुसरा त्या गेटवर जाऊन उभा. आमच्याकडं एकदा गाडी आली आणि गेटला कुलूप, किल्लीवाला वडा खायला गेलेला. तेव्हापासून मॅचआधी किल्ली माझ्या खिशात.

पंच म्हणाला आधी बाहेर न्या मग उपचार, असं लिहिलंयस. त्याला नियम दाखव. कीपर जखमी असेल किंवा मार गंभीर असेल तर मैदानातच बघायची मुभा आहे. आणि मेंदूला मार बसल्याच्या संशयावरून जादाचा बदली खेळाडू द्यायची सोय २०२४ पासून आयफॅबच्या, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या, नियमात कायमची आहे, फक्त ती स्पर्धेनं स्वीकारावी लागते. आमच्या पोरांच्या स्पर्धेत मी ती भांडून घेतली.

आता माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी चूक बोट नाही, चप्पल नाही, ती वीस मिनिटं. उठून उभा राहिला, "मी ओके आहे" म्हणाला, की आपण टाळ्या वाजवतो. २०१४ च्या वर्ल्डकप फायनलला जर्मनीच्या क्रामरच्या डोक्याला असंच लागलं, तो खेळत राहिला, आणि थोड्या वेळानं पंचालाच विचारतोय की ही फायनल आहे का! मग कुठं ३१ व्या मिनिटाला बाहेर काढला. पाय नेहमीसारखे पळत असतात म्हणून बाहेरून कळत नाही. नाव विचारून, बोटं किती दाखवून उपयोग नाही, ते सगळे बरोबर सांगतात. मॅडॉक्सचे प्रश्न म्हणून असतात ते विचारायचे, आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ, शेवटचा गोल कुणी मारला, मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का. पण हे शुद्ध न गेलेल्यांसाठी. ज्याची शुद्ध दोन सेकंदांसाठी जरी गेली त्याची परीक्षा घ्यायचीच नाही, तो त्या दिवशी बाहेर आणि डॉक्टरकडं. आणि उलटंही लक्षात ठेव, मेंदूला मार बसलेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत, त्यामुळं "पडला नाही म्हणजे बरा आहे" हेही खोटं.

कारण सांगतो. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर माणूस मधल्या काळात एकदम चांगला वाटू शकतो, बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी ढासळतो. म्हणून डोकेदुखी वाढत जाणं, परत परत उलट्या, गुंगी, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, हातापायात मुंग्या किंवा ताकद कमी, मान दुखणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं एक जरी दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात, फॅमिली डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही. त्या रात्री एकटं ठेवायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, दारू नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी नाही. रात्रभर जागं ठेवायची गरज नसते, डॉक्टरांनी बघून घरी सोडलं असेल तर झोपू दे.

खेळायला परत यायचं ते पायऱ्या-पायऱ्यांनी. पहिले एक-दोन दिवस आराम, घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालतं, मोबाईल कमी. मग हलकं चालणं किंवा सायकल, मग पळणं, मग बॉल पण टक्कर नाही, मग डॉक्टर हो म्हणाले तरच पूर्ण प्रॅक्टिस, मग मॅच, प्रत्येक पायरीला कमीत कमी एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागं. पोरं असतील तर याहून सावकाश. पीटर चेकसारखा कीपर, १४ ऑक्टोबर २००६ ला रेडिंगविरुद्ध गुडघा लागून कवटी फुटली, तीन महिन्यांनी परत आला तो डोक्यावर संरक्षक टोपी घालून.

तुमच्या कीपरला रविवारी लागलं, आज बुधवार, आणि तू जाता जाता लिहिलंयस की त्याचं डोकं अजून दुखतंय, उजेडाकडं बघवत नाही. भावा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन जा, आणि काय झालं ते डॉक्टरांना तू सांग, त्याला सांगायला लावू नको, त्याला ती वीस मिनिटं कदाचित आठवतही नसतील. दुसऱ्या पोराला उद्यापासून ग्लोव्हज दे.