टीका पटकन जमते, मग प्रोत्साहन का जमत नाही?

तुम्ही विचारलंय की टीका करणं एवढं सोपं आणि चार चांगले शब्द बोलणं एवढं जड का जातं. मी परळला एका हौशी ग्रुपच्या एकांकिका बसवतो, ऑफिस सुटल्यावर तालमी, पोरं पार डोंबिवली-विरारवरून येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज रात्रीच असतो.

मला वाटतं चूक आपणहून दिसते. वाक्य विसरलं, एंट्री लेट झाली, हे कळायला आपल्याला काहीच करावं लागत नाही. चांगलं झालेलं मात्र निसटतं, कारण चांगलं झालं की सीन सरळ पुढे जातो, आपण पण त्याच्याबरोबर पुढे जातो.

एक नवीन मुलगी होती, आईची भूमिका, आवाज तिसऱ्या रांगेपुढे जाईना. मी रोज "आवाज, आवाज" ओरडायचो आणि ती रोज अजून बारीक बोलायची. एका रात्री मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि अख्खा प्रवेश नुसतं तिच्याकडे बघत बसलो. तर चहाचा कप बशीत ठेवताना ती कपाखाली करंगळी धरत होती, आवाज होऊ नये म्हणून, कारण नाटकात मुलगा आत झोपलेला असतो. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं! मी म्हटलं, अगं ती करंगळी सोडू नकोस, तिथे तू खरी आई दिसतेस. तर म्हणाली, "दादा, तुम्हाला दिसलं ते?"

आवाज काही दुसऱ्या दिवशी सुधारला नाही, तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे मला रोज तालीम संपल्यावर अर्धा तास शेवटच्या रांगेत उभं राहावं लागलं. टीका करून माणूस मोकळा होतो. "तुला जमेल" म्हटलं की मग ते जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि नाही जमलं तर शब्द आपला खोटा पडतो, मला वाटतं लोक खरे यालाच घाबरतात.

वर आपल्याकडे भीती की कौतुक केलं की पोरं शेफारतात. मग लोक सचिन तेंडुलकरचे कोच आचरेकर सरांचं उदाहरण देतात. सचिनने 2013 साली वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं की सर 29 वर्षांत कधी "वेल प्लेड" म्हणाले नाहीत. खरंय, पण त्याच भाषणात त्याने हेही सांगितलं की मॅच खेळायला मिळावी म्हणून सर त्याला स्कूटरवर बसवून मुंबईभर मैदानांवर फिरवायचे. ते कोणी सांगत नाही. स्कूटरवर घालवलेल्या त्या दुपारी म्हणजे प्रोत्साहन नाही तर काय!

आणि उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवणं मी यात धरतच नाही. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले होते, "हुशार आहेस" म्हटलेली मुलं पुढे अवघड कोडी टाळायला लागली, मेहनतीचं कौतुक झालेली अवघडच मागायला लागली. म्हणजे नेमकं काय चांगलं ते सांगायला हवं, आणि नेमकं सांगायचं तर बघायला हवं, वेळ त्यातच जातो.

सध्या आमच्याकडे लाइट्स बघणारा एक पोरगा आहे, क्यू, म्हणजे लाइट बदलायची नेमकी वेळ, सतत चुकतो, सगळे त्याला बोलतात, मीही बोललोय. त्याचं चांगलं काय ते मला अजून सापडलेलं नाही. उद्याच्या तालमीला मी समोर न बसता त्याच्या शेजारी बसणार आहे.