चौरस जागच्या जागी का फिरत नाही?

प्रश्न : मी चित्रे काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. चौरसाच्या शिरोबिंदूंना फिरवण्याच्या मॅट्रिक्सने गुणले, की तो जागच्या जागी फिरण्याऐवजी भलतीकडेच जाऊन पडतो. असे का होते? आणि बिंदूला दोनच निर्देशक असताना पुस्तकांत ३×३ मॅट्रिक्स कशासाठी वापरतात?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. २×२ मॅट्रिक्स कोणतीही घ्या, तिने (०, ०) या आरंभबिंदूला गुणले, तर उत्तर (०, ०) हेच येते. म्हणून अशी मॅट्रिक्स आकृतीला फिरवते, ताणते, तिरपी करते, पण सरकवू मात्र शकत नाही, आणि फिरवते तीही आरंभबिंदूभोवतीच. समजा, तुमच्या चौरसाचा मध्य (५, ३) येथे आहे. ९० अंशांत फिरवताना (क्ष, य) हा बिंदू (−य, क्ष) येथे जातो, त्यामुळे मध्य थेट (−३, ५) वर पोहोचतो. मॅट्रिक्सने काम चोख केले आहे. फक्त कोणत्या बिंदूभोवती फिरायचे, हे तिला सांगण्याची सोयच नव्हती.

ती सोय तिसऱ्या निर्देशकाने होते. बिंदू (क्ष, य, १) असा लिहिला, की सरकवण्याची अंतरे ३×३ मॅट्रिक्सच्या तिसऱ्या स्तंभात बसतात आणि सरकवणे हाही गुणाकारच होतो. या निर्देशकांची कल्पना जर्मन गणिती मोबियस यांनी १८२७ मध्ये मांडली, म्हणजे संगणकाच्या पडद्याच्या कितीतरी आधी.

आता मध्य आरंभबिंदूवर आणा, फिरवा आणि परत जागेवर न्या. (६, ४) हा कोपरा अनुक्रमे (१, १), (−१, १) आणि शेवटी (४, ४) असा जातो. तिन्ही मॅट्रिक्सचा गुणाकार आधीच केला, तर (०, −१, ८), (१, ०, −२), (०, ०, १) अशा ओळींची एकच मॅट्रिक्स मिळते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य मला येथेच दिसते, कारण आकृतीत लाखो बिंदू असले, तरी प्रत्येकाला या एकाच मॅट्रिक्सने गुणले की पुरते.

गुणाकाराचा क्रम मात्र जपा. बिंदू स्तंभरूपात लिहिला असेल, तर जी क्रिया आधी करायची तिची मॅट्रिक्स सर्वांत उजवीकडे येते. क्रम उलटला, तर चौरस पुन्हा भरकटेल. त्रिमितीत याच न्यायाने ४×४ मॅट्रिक्स लागते, आणि दूरची वस्तू लहान दाखवण्याचे काम तिच्या शेवटच्या ओळीकडे येते.

एवढे करूनही चौरस उलट दिशेने फिरताना दिसला, तर बहुतेक वेळा पडद्याचा य-अक्ष वरून खाली मोजला जात असतो. अशा वेळी कोनाचे चिन्ह बदलावे.