पेंढ्यात २६ टक्के लिग्निन? कॉस्टिक वाढवू नका

हातकागदासाठी भाताच्या पेंढ्याचा लॅब रिपोर्ट टाकून तुम्ही विचारलंय, लिग्निन (झाडाला ताठ ठेवणारा घटक, लगदा करताना तो काढून टाकायचा असतो) २६ टक्के आलंय, तर पेंढा शिजवताना ते काढायला कॉस्टिक सोडा वाढवू का? अजिबात नको. २६ म्हणजे पाइनच्या लाकडाइतकं झालं. पेंढ्यात ते साधारण १२ ते १६ असतं.

मुंबईतल्या एका लॅबने आम्हालाही असाच आकडा दिला होता. नाव घेत नाही, पण गोम सांगतो. नमुना ७२ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ठेवतात, मग पातळ करून उकळतात. तंतूंमधलं सेल्युलोज, हेमिसेल्युलोज विरघळतं. उरेल ते लिग्निन धरायचं. लाकडाला हा हिशोब चालतो. पेंढ्यात राखच १५ ते २० टक्के, आणि तीही बहुतेक सिलिका. ती या अ‍ॅसिडला दाद देत नाही, क्रुसिबलमध्येच (गाळ धरायच्या छोट्या वाटीत) राहते आणि लिग्निन म्हणून मोजली जाते. गाळ भट्टीत जाळून राखेचं वजन वजा करायचं, एवढंच तर काम! आम्ही दुसरीकडे जाळून घेतला. तपकिरी गाळाची पांढरट पूड झाली, बोटांत चोळली की कचकच. ती नेऊन दाखवली तर काउंटरवरून उत्तर, "आमची पद्धत ठरलेली आहे, रिपोर्ट बदलत नाही." फी मात्र आगाऊ घेतलेली. तोवर त्या आकड्याच्या भरवशावर अख्खा घाणा जादा कॉस्टिकमध्ये शिजून गेला होता. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज धुपलं, लगदा घटला आणि कागद पापडासारखा मोडायला लागला.

मी केमिस्ट नाही, हातकागदवाला आहे, तेव्हा खात्री करून घ्या. पण लॅबला लेखी विचारा: राख वजा केली का? आधी मेण काढलं का? टक्के कोरड्या वजनावर आहेत का? आपल्याकडे जुलैत पेंढा किती पाणी ओढतो ते वेगळं सांगायला नको. आणि 'क्रूड फायबर'चा आकडा माथी मारला तर परत करा, ती चाऱ्याची तपासणी आहे.

माझं मत विचाराल तर नुसत्या पेंढ्याच्या नादी लागूच नका. तंतू आखूड, कागद उचलायच्या जाळीवर पाणी निथळता निथळत नाही. होजियरीची सुती कात्रणं मिसळा, त्यात लिग्निन जवळपास नसतंच. वसईकडून केळीचे बुंधे मिळाले तर तेही बघा.

जाता जाता, कॉस्टिकला ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, स्टीलचंच घ्या. आणि शिजवल्यावर उरणारं काळं पाणी सोसायटीच्या गटारात सोडू नका.