कोड येतो पण बोलता येत नाही

प्रश्न: ताई, मी मिहानमधल्या एका कंपनीत जावा डेव्हलपर आहे, आता स्विच करायचाय. घरी बसून प्रॉब्लेम सुटतात पण इंटरव्ह्यूला स्क्रीन शेअर केली की समोरचा म्हणतो बोलत बोलत लिहा आणि डोकं ब्लँक. परवा सॉर्टेड अ‍ॅरेत (क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या यादीत) नंबर शोधायचा होता, साधा लूप लावला, उत्तर बरोबर तरी रिजेक्ट, एचआर तर फोनच उचलत नाही. काहून होते असं?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: अरे भाऊ, ‘सॉर्टेड’ त्यांनी उगाच नव्हतं सांगितलं. 10 लाख आकडे असले तर तुझा लूप 10 लाख वेळा फिरू शकतो, बायनरी सर्च दरवेळी मधला आकडा बघून अर्धा भाग सोडून देतं म्हणून जास्तीत जास्त 20 फेऱ्यांत काम होतं. आधी लूप सुचला तरी चालतं रे, फक्त तोंडाने सांग की हे स्लो आहे, आता सुधारतो, आणि नंबर सापडलाच नाही तर काय रिटर्न करू हेही विचार. मधला इंडेक्स (जागेचा नंबर) काढताना लो आणि हाय, म्हणजे उरलेल्या भागाची सुरुवात आणि शेवट, यांची थेट बेरीज करू नको, मोठ्या अ‍ॅरेत इंट ओव्हरफ्लो होतो, म्हणजे बेरीज इंटमध्ये मावत नाही, लोमध्ये फरकाचा अर्धा मिळव (हा बग खुद्द जावाच्या लायब्ररीत होता, 2006 मध्ये गाजला!). प्रॅक्टिस मोठ्याने बोलूनच कर, घरचे हसले तर हसू दे. एचआरला एक मेल टाक अन् सोड, पण हातात ऑफर लेटर येईपर्यंत राजीनामा देऊ नको.