दहा किलोमीटरचा वेग एकवीसला टिकेल का?

प्रश्न : दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावतो, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं. अर्धमॅरेथॉनमध्ये (२१.१ किलोमीटर) हाच वेग धरला की चौदाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात. काय चुकतंय?

उत्तर : चुकतंय ते गणित. ५० मिनिटांच्या दहावरून अर्धमॅरेथॉन साधारण १ तास ५० मिनिटांत होते, म्हणजे किलोमीटरला ५:१४ (५ मिनिटं १४ सेकंद). एकवीसभर ५:०० हवा असेल तर दहा किलोमीटर ४८ मिनिटांच्या आत यायला हवेत. त्यामुळे आधी १२ आठवडे द्या.

आठवड्यातून एकदाच ५:०० चा सराव करा. सुरुवात ५ वेळा १ किलोमीटरने. दोन तुकड्यांच्या मधले ४०० मीटर थांबायचं नाही, चालायचं नाही, ६:०० ने पळत राहायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी तुकडा लांबवा: ४ वेळा २, मग ३ वेळा ३, शेवटी २ वेळा ५ किलोमीटर. वेग तोच, वाढतं ते अंतर. गडबड इथेच होते: तुकडा सोपा वाटला की लोक ४:४५ ने सुटतात आणि शेवटचा तुकडा ५:२० ला जातो. तसं झालं तर सराव तिथेच थांबवा.

रविवारी १६-१८ किलोमीटर ६:१५ ने, गप्पा मारता येतील इतकं सावकाश. सहाव्या आठवड्यापासून त्यातले शेवटचे ४ किलोमीटर ५:१० ने.

आणि हो, हे सगळं सपाट रस्त्याचं. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात घड्याळाकडे बघूच नका, श्वासावर धावा.