एका केसावरून खरंच आरोपी सापडतो का? घटनास्थळावरच्या पुराव्याबद्दल जरा सविस्तर

तुम्ही विचारलंय की सिरीयलमध्ये एक केस नाहीतर रक्ताचा थेंब सापडला की लॅबवाले तासाभरात आरोपीचं नाव सांगतात, तसं खरंच होतं का, आणि घटनास्थळावरचा पुरावा म्हणजे नेमकं काय काय. मी सांगलीत फौजदारी वकिली करतो, जास्त करून आरोपीच्या बाजूने, त्यामुळे पंचनामे, मुद्देमाल आणि सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. लॅबमधला माणूस मी नाही, पण लॅबचा कागद कोर्टात कशामुळे टिकतो आणि कशामुळे पडतो हे जवळून बघतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट, लॅब सहसा नाव सांगत नाही, जुळतं की नाही ते सांगते. जुळवायला दुसऱ्या बाजूला संशयिताचा नमुना लागतो किंवा आधीचं रेकॉर्ड लागतं. आणि जुळवण्यालायक काही उरणार की नाही हे लॅबमध्ये ठरतच नाही, ते ठरतं जागेवर, पहिल्या दोनचार तासात.

केसाचंच घ्या. मुळासकट उपटलेला असेल तर मुळाच्या पेशींमधून पूर्ण डीएनए प्रोफाइल, म्हणजे त्या एका माणसाची ओळख पटवणारा नमुना, मिळू शकतं. नुसता गळालेला, मूळ नसलेला असेल तर साधारणपणे मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर भागवावं लागतं, तो फक्त आईकडून येतो, म्हणजे सख्खी भावंडं, आई, मामा, मावशी सगळ्यांचा सारखाच निघणार. त्यावरून एका माणसावर बोट ठेवता येत नाही.

या सगळ्याच्या बुडाशी एक साधा विचार आहे, फ्रान्समधल्या लिऑनच्या एडमंड लोकार्डचा, ज्याने १९१० मध्ये तिथे पोलिसांची लॅब सुरू केली: दोन गोष्टी एकमेकांना लागल्या की थोडं इकडचं तिकडे जातं, तिकडचं इकडे येतं. आपल्याकडे उसाच्या फडातून माणूस पळाला तर काळी माती चपलेच्या खाचेत बसते, कुसळं पँटच्या खालच्या शिवणीत अडकतात, हाताला उसाच्या पात्याचे बारीक चरे पडतात, आणि त्याच्या शर्टाचा एखादा धागा मागे राहतो. पण शिराळ्याच्या पश्चिमेची तांबडी माती आणि कृष्णाकाठची काळी माती वेगळी आहे हे सिद्ध करायचं तर नुसती चपलेची माती पाठवून चालत नाही, त्या फडातली माती आणि आजूबाजूच्या चार ठिकाणची माती पण पाठवावी लागते. हा तुलनेचा नमुना घ्यायला लोक सर्रास विसरतात आणि मग रिपोर्ट येतो तो काहीच न सांगणारा.

आता रक्ताचं बघा, इथे फार गैरसमज आहेत. नीट लिहिलेल्या पंचनाम्यात कधीच 'रक्ताचे डाग' नसतं, 'रक्तासारखे दिसणारे डाग' असतं, आणि ते बरोबरच आहे. सांगली म्हणजे हळदीची पेठ, इथल्या कितीतरी माणसांच्या कपड्यांवर हळद असतेच, आणि हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, कारण हळद अल्कलीत रंग बदलते, कुंकू पण हळदीला चुना लावूनच करतात ना. म्हणजे धुतलेल्या शर्टावर लाल डाग दिसला तर नुसत्या डोळ्याला काहीही वाटू शकतं. पानाच्या पिचकारीचं तसंच (पण त्यात थुंकी असते आणि थुंकीतून डीएनए मिळू शकतो, म्हणून ती पण पुसून टाकू नये). जागेवर जी झटपट टेस्ट करतात, फिनॉल्फ्थॅलिनची, त्यात रक्त असेल तर लगेच गुलाबी रंग येतो, पण काही भाज्यांच्या रसाने आणि गंजानेही तो येऊ शकतो. म्हणून ती टेस्ट फक्त 'पुढे तपासा' एवढंच सांगते. मग लॅबमध्ये ते रक्तच आहे का, माणसाचं आहे की जनावराचं, आणि सगळ्यात शेवटी कोणाचं, अशा पायऱ्या असतात. मटणाच्या दुकानात काम करणाऱ्याच्या कपड्यावर रक्त सापडलं याला स्वतःहून काहीच अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका खटल्यात कोर्टात मुद्देमालाचं पाकीट उघडलं ते सांगतो. बाहेर खाकी कागद, लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, तारीख, गुन्हा रजिस्टर नंबर, सगळं व्यवस्थित. आत मात्र शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला, जप्त करताना ओला होता तसाच. घडीला घडी चिकटलेली, काळपट हिरवी बुरशी, आणि वास असा की शिरस्तेदार मागे सरकले. रिपोर्टमध्ये एकच ओळ, डीएनए प्रोफाइल मिळालं नाही. ओलं कापड प्लॅस्टिकमध्ये ठेवलं की ओल बाहेर जात नाही, जंतू वाढतात आणि डीएनए खाऊन टाकतात. सावलीत वाळवून, कागदाच्या पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा, एवढं केलं असतं तर बास होतं. तो आरोपी माझा अशील होता, त्याला फायदा झाला, पण मला आजही वाटतं की त्या शर्टात जे काही होतं, त्याच्या बाजूचं असो की विरुद्धचं, ते सगळ्यांना कळायला पाहिजे होतं. फिर्यादीच्या घरातल्या बाईंनी नंतर मला बाहेर विचारलं होतं, "साहेब, त्यात नक्की काय होतं?", त्याला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

त्याचबरोबर वस्तू कोणी उचलली, कोणाच्या ताब्यात दिली, पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल खोलीत कधी गेली, पुण्याला किंवा कोल्हापूरला लॅबकडे कोण घेऊन गेलं, सील तिथे पोचेपर्यंत शाबूत होतं का, ही साखळी कागदावर सलग दिसावी लागते. मधले चार दिवस कोरे असले की आमच्यासारखे वकील तिथेच प्रश्न विचारतात, आणि विचारलेच पाहिजेत, कारण त्या चार दिवसात काय झालं हे कोणालाच माहीत नाही.

ठशांचं आपल्याला जास्त अभिमानाने सांगता येईल. जगातल्या पहिल्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्रींचं झालं. त्याच सुमारास बंगालमध्ये जलपाईगुडीकडे एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, पेटी फोडलेली होती, आणि आतल्या एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा पुसट ठसा मिळाला. तो त्याच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला, कारण आधीच्या चोरीच्या शिक्षेमुळे त्याचे ठसे रेकॉर्डला होते. कोर्टाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ठशाने सांगितलं की या माणसाचा अंगठा त्या पंचांगाला लागला, बास. वार कोणी केला हे ठसा सांगत नव्हता, आणि कोर्टाने त्याच्या तोंडी ते घातलं नाही.

डीएनएची तंत्रं अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला शोधली आणि तिथल्याच दोन मुलींच्या खुनाच्या तपासात पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा आधी काय झालं, तर त्यातल्या एका खुनाची कबुली देऊन बसलेला एक तरुण निर्दोष ठरला. खरा आरोपी नंतर सापडला, १९८८ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे हे शास्त्र पोलिसांचं एकट्याचं नाही, सुटकेसाठी पण तेवढंच कामाचं आहे. जुळ्यांबद्दल विचाराल तर एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो, बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात.

मृतदेहाबद्दल थोडंच. 'मृत्यू बरोबर २ वाजून १० मिनिटांनी' असं प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही, तासांचा पट्टा सांगतो. रक्त खालच्या बाजूला साचून जे डाग पडतात ते काही तासांनी पक्के होतात, त्यामुळे देह पाठीवर पडलेला आणि डाग छातीवर असतील तर नंतर कोणीतरी तो पालथ्याचा उताणा केलेला आहे. विहिरीत नाहीतर कृष्णेत सापडलेल्या देहासाठी डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची तपासणी करतात: माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ते रक्तात जाऊन हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतं. या टेस्टवर तज्ज्ञांचं एकमत नाही, ती एकटी पुरत नाही, पण करायचीच असेल तर त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली सोबत गेली पाहिजे.

कायदा आता बदललाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ (३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं, राज्यांना त्यासाठी ५ वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. झडती-जप्तीचं पण ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं. हे मनापासून चांगलं आहे, कारण फितूर होणाऱ्या पंचावर सगळं लटकवण्यापेक्षा व्हिडिओ केव्हाही बरा.

तुमच्या स्वतःच्या उपयोगाचं म्हणाल तर घरफोडी झालेली दिसली की आत फिरू नका, कपाट 'काय काय गेलं' बघायला उचकटू नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाडू मारू नका. आपल्याकडे दहा शेजारी आत येतात, चहा होतो, आणि पोलीस येईपर्यंत कडीवर गल्लीतल्या सगळ्यांचे ठसे. ११२ ला फोन करा, दाराबाहेर थांबा, जिथून तुम्ही आत गेलात तो मार्ग पोलिसांना सांगा. घरच्यांचे ठसे मागितले तर घाबरू नका, ते वजा करायला घेतात. अंगणात चपलेचा उमटा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला, आणि पाऊस असेल तर आधी मोबाईलवर शेजारी फूटपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. आणि समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी मालकाला सांगून तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, कारण डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत जातो, आणि पोलिसांनी तो ताब्यात घेताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट सोबत घेतलंय का तेवढं विचारून ठेवा.