भावाशी अबोला आणि ओठांवर शांतीची प्रार्थना

प्रश्न : आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री तिच्याजवळ कोण बसणार यावरून माझी आणि धाकट्या भावाची जुंपली. रागाच्या भरात मी त्याला 'तुला आईपेक्षा घराच्या कागदांची काळजी' असं बोललो. तोही नको ते बोलला. आईला जाऊन दोन वर्षं होतील, आमचं बोलणं नाही. मी भांडण उकरून काढत नाही, कुणाजवळ त्याची निंदा करत नाही, रोज शांतीसाठी प्रार्थना करतो. तरी उपासनेत शेजाऱ्याला 'शांती असो' म्हणताना जीभ अडखळते. ख्रिस्ती माणसाने आणखी काय करायचं?
– एक वाचक

उत्तर : प्रभूच्या नावात सलाम. दोन वर्षं तुम्ही भावाची निंदा केली नाहीत, ही लहान गोष्ट नाही. पण भांडण नाही म्हणजे शांती आहे, असं मीही बराच काळ धरून चालले होते.

माझा आणि माझ्या जाऊबाईंचा एकाच घरात अकरा महिने अबोला होता. आवाज कधी चढला नाही. त्या खोलीत आल्या की मी घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसायची, म्हणजे वर बघायला नको. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, किती शांत घर! जखम वरवर बांधून 'शांती, शांती' म्हणणाऱ्यांना यिर्मया संदेष्टा सहाव्या अध्यायात खडसावतो. त्यांच्यातलीच मी एक.

चौतिसावं स्तोत्र सांगतं की शांतीचा शोध कर आणि तिच्या मागे लाग. 'मागे लाग' यासाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, ते पाठलागाचं आहे. शौल राजा रानात दाविदाच्या पाठीस लागला, तिथे 1 शमुवेल 23 मध्येही हेच क्रियापद येतं. आणि या स्तोत्रावर नाव दाविदाचं! पाठलाग काय असतो हे ज्याने जिवावर बेतून अनुभवलं, तो म्हणतो शांतीच्या असं मागे लागा. प्रार्थना हवीच. माझी मात्र त्या अकरा महिन्यांत 'प्रभू, तिला बुद्धी दे' यापुढे गेली नव्हती.

आता तुमच्या पत्राबद्दल. कागदांवरून भावाला जे बोललात ते तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. मला वाटतं, जीभ तिथेच अडखळते. मत्तय 5:23-24 पुन्हा वाचा. वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे प्रभू तिथे विचारत नाही. ती यादी आपल्याला तोंडपाठ असते.

आमच्याकडे कोंडी फुटली ती चष्म्यावरून. जाऊबाईंच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला होता, त्या दोऱ्याने ती बांधायला बघत होत्या आणि गाठ सुटत होती. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी जाऊन समोर बसले, म्हटलं, 'द्या इकडे.' हात थरथरत होते माझे. गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि मग म्हणाले, 'त्या दिवशी मी तुमच्या माहेरावरून बोलायला नको होतं.' त्या काहीच बोलल्या नाहीत, चष्मा घालून आत गेल्या. पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या ते चार दिवसांनी. ते चार दिवस फार जड गेले.

म्हणून सांगते, माफी मागताना त्यात 'पण' घालू नका. 'मी चुकलो, पण तूही...' म्हटलं की झालं, पुन्हा भांडण. मोठा भाऊ म्हणून तुम्हाला हे कठीण जाईल, कल्पना आहे मला.

त्याने दार उघडलं नाही तर? पौल रोमकरांस 12:18 मध्ये म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. दुसऱ्याच्या मनाचा हिशेब तो तुमच्याकडे मागत नाही. (मारहाण सोसणाऱ्या बायकांना हेच वचन दाखवून गप्प बसवतात, त्याचा मला फार संताप येतो. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं.)

आणि समेट म्हणजे पूर्वीसारखं एकत्र नांदणं, असंही धरून बसू नका. उत्पत्ती 33 मध्ये दुरावलेला भाऊ एसाव धावत येऊन याकोबाच्या गळ्यात पडतो, दोघे रडतात. तरी नंतर एसाव सेईरला जातो आणि याकोब सुक्कोथला. पण पुढे 35व्या अध्यायाच्या शेवटी वडिलांना, इसहाकाला, मूठमाती द्यायला दोघेही असतात.

तुमच्या आईचा स्मृतिदिन जवळ आला असेल. त्याची वाट न बघता आजच भावाला दोन ओळी लिहा : 'कागदांवरून बोललो ते चुकीचं होतं. आईच्या कबरीवर फुलं घेऊन जाणार आहे, येशील का?' तो आला नाही तर फुलं त्याच्याही नावाने ठेवा, आणि मग मला कळवा.